जुन्या साड्यांचा गालिचा करतेय, त्यात सह्याद्री कसा आणू?

रानभूल (धागाकर्ती)

आईच्या आणि सासूबाईंच्या मिळून ट्रंका भरून सुती साड्या घरात पडून आहेत. विरलेल्या, निऱ्यांपाशी फाटलेल्या. नेसण्याजोगी एकही नाही, आणि टाकवतही नाहीत. जोडीला पोरांचे आखूड झालेले टीशर्ट आहेतच. यातून बाहेरच्या खोलीत घालायला साधारण सहा बाय चार फुटांचा चिंध्यांचा गालिचा करायचं मनावर घेतलंय. विषय पक्का आहे: पावसाळ्यातला सह्याद्री.

घोडं अडलंय ते चित्रापाशी. कागदावर डोंगर काढला, धबधबा काढला, वर एक धनेश बसवला. आता ते थेट कॅलेंडरवर छापायला पाठवावं असं झालंय. नेटवर बघितलं तर जिकडेतिकडे घुबडं, सूर्यास्त आणि सूर्यफुलं. हात सफाईदार आहे त्या लोकांचा, नाही असं नाही. पण ते बघून डोंगरात गेल्यासारखं काही वाटत नाही.

तर विचारायचंय ते असं, की माग, वेणी, गोणपाटावर आकड्याने ओढलेले फासे, यातली कुठली पद्धत घेऊ? आणि चिंध्यांमध्ये निसर्ग आणायचा म्हणजे त्याचं चित्रच काढावं लागतं का?

चिमण_२

पहिला! फोटो टाका. धनेशाचा तरी टाका.

सुईदोरा

छान विषय. आधी पद्धतींचं सांगते, चित्राचं नंतर बघू.

मागावर विणायचं तर उभा ताणा सुती दोऱ्याचा आणि आडवा बाणा चिंध्यांचा. साडी कापू नका, फाडा. कडेला कात्रीने खाच देऊन लांबीच्या दिशेने ओढलं की चर्रकन सरळ जाते. दोन इंची पट्ट्या काढल्या तर एका साडीतून वीस-बावीस निघतात, म्हणजे शंभर मीटरच्या वर माल. तुमच्या मापाला सात-आठ साड्या सहज लागतील. माग नसला तर लाकडी चौकटीला खिळे ठोकूनही होतं, पण एवढं मोठं एका वेळी नको. दोन-तीन पट्टे वेगळे विणून जोडा.

वेणीचा प्रकार सगळ्यात सोपा, आणि बिघडतोही सगळ्यात लवकर. तीन पट्ट्यांची वेणी घालत जायची आणि ती गोल गुंडाळत शिवत जायची. शिवताना दोरा ओढून धरलात की गालिचा कडांनी वर उचलला जातो आणि त्याचं टोपलं होतं. म्हणून जमिनीवर सपाट ठेवूनच शिवा, मांडीवर घेऊन नको. लांबट हवा असेल तर मधली पहिली सरळ वेणी लांबी वजा रुंदी एवढी घ्यायची. तुमच्या सहा बाय चारला दोन फूट.

गोणपाटावरचं काम म्हणजे चौकटीत गोणपाट ताणून बसवायचं, पट्टी खाली धरायची आणि वरून आकडा घालून तिचा फासा वर ओढायचा. क्रोशाची जाड सुई चालते. प्रत्येक भोकात फासा घालायचा नाही, नाहीतर गालिचा फुगतो. कापड मात्र भरपूर खातं, झाकायच्या जागेच्या चौपट धरून चाला. चित्र काढायचं असेल तर मोकळीक यातच.

टीशर्टचं कापड खालून गोल गोल कापत गेलं की एक सलग पट्टी मिळते. ती ओढली की कडा आपोआप आत वळतात आणि दोरी तयार होते.

घाटावरचा

माझं थोडं वेगळं मत आहे, राग मानू नये. आईच्या साड्यांचा गालिचा म्हणजे त्यावर पाय द्यायचे. गोधडी करा ना. आमच्यात वाकळ म्हणतात. ती अंगावर घ्यायची वस्तू. माझ्या आज्जीच्या लुगड्याची वाकळ अजून आहे घरात, पाव्हणे आले तरी देत नाही कुणाला. तिच्यावर चपला घालून फिरलेलं मला तरी बघवणार नाही.

रानभूल

@घाटावरचा, चपला बाहेरच काढतो हो आम्ही :) पण मुद्दा पोचला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, आई मात्र "बरं" एवढंच म्हणाली होती, आणि तिचं "बरं" म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.

माईआज्जी

अहो घाटावरचे भाऊ, लुगडं पायाखाली कधी गेलं नाही असं कोण म्हणतं? आमच्या घरात लुगडं विरलं की त्याचा धडका भाग निघायचा बाळंतिणीच्या दुपट्यांना आणि झबल्यांना. मग उरलंसुरलं गोधडीत. गोधडीत जायच्याही लायकीचं नसेल त्याचं पायपुसणं, नाहीतर सारवायचं पोतेरं. शेणात बुडवलेलं लुगडं बघून कुणी डोळ्यांना पदर लावलेला मला आठवत नाही. चुलीवरची भांडी उतरवायची फडकीसुद्धा त्याचीच.

गोधडी उन्हाळ्यात घालायची, उन्हं असतात आणि अंगणात पसरता येते. चौघीजणी चार बाजूंनी बसायच्या आणि धावदोरा घालत मध्याकडे यायच्या. गप्पांचा विषय सांगण्यासारखा नसायचा.

चिमण_२

माईआज्जी, आता तो विषय सांगाच.

माईआज्जी

सुनांचा असायचा, दुसरा कुणाचा. सुना बसल्या की सासवांचा.

टाइनकाठी

मी इंग्लंडच्या ईशान्य कोपऱ्यात, न्यूकॅसलजवळ राहते. इथे हा प्रकार घराघरात होता. खाणकामगारांची वस्ती, पैशाची ओढाताण. जुने कोट आणि ब्लँकेटं कापून गोणपाटावर गालिचे करायचे. फासे ओढले तर हुकी, आणि छोटे तुकडे खोचून टोकं मोकळी सोडली तर प्रॉगी किंवा क्लिपी. जवळच्या बीमिश संग्रहालयात बघायला मिळतात.

घाटावरच्या भाऊंच्या मुद्द्याशी लागून आहे म्हणून सांगते, इथे गालिच्याची पायरी ठरलेली असायची. नवा गालिचा नाताळात शेगडीपुढे मानाने अंथरायचा. मग जुना जायचा स्वयंपाकघरात, त्याच्या आधीचा मागच्या दाराशी, आणि शेवटी कुत्र्याच्या खाली. माईआज्जींच्या लुगड्याचा प्रवास वाचून हेच आठवलं.

ज्यूटचं कापड स्कॉटलंडमधल्या डंडीच्या गिरण्यांत विणलं जाई आणि कच्चा ज्यूट बंगालमधून येई. म्हणजे इथल्या शेगडीपुढच्या गालिच्याची पाठ आपल्याकडच्या शेतातली.

निसर्गाबद्दल: कंब्रियात विनिफ्रेड निकल्सन (१८९३–१९८१) नावाची चित्रकार राहायची. हेड्रियनच्या भिंतीजवळ घर होतं. तिने आजूबाजूच्या बायकांना असे गालिचे करायला प्रोत्साहन दिलं, काहींचे आराखडेही दिले. त्यात गाई-मेंढ्या, कोंबड्या, फुलं असं रोजच्या नजरेतलं सगळं. प्राणी अगदी बाळबोध आहेत, पायसुद्धा धड नाहीत, तरी जिवंत वाटतात. रानभूल, तुमचा धनेश बहुतेक फार नीट काढला गेलाय.

रानभूल

हे बरोबर ओळखलंत. पक्षीनिरीक्षणाचं पुस्तक समोर ठेवूनच काढला.

कट्टेकरी

गरिबीतून आलेल्या वस्तूला कला म्हणायची फॅशन आहे. त्या बायकांकडे पैसे असते तर त्यांनी दुकानातून गालिचा आणला असता. बाकी चालू द्या.

टाइनकाठी

@कट्टेकरी, आणलेच की. दुकानातले गालिचे परवडायला लागल्यावर लोकांनी हे पटापट टाकून दिले. पण म्हणून ज्या बाईने उपलब्ध कोटांमधून करडा कुठला आणि तांबडा कुठला हे निवडून मध्ये एक लाल चौकट बसवली तिने काही निवडलंच नाही असं होत नाही. गरज होती म्हणून गालिचा झाला. लाल चौकटीची गरज नव्हती.

कट्टेकरी

मान्य अर्धवट. मग ग्रेनफेलचं बघा. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडॉरच्या किनाऱ्यावर विल्फ्रेड ग्रेनफेल या डॉक्टरचं मिशन होतं. कोळ्यांच्या बायका आधीपासून असे गालिचे करायच्या. मिशनने त्याचा उद्योग उभा केला. आराखडे मिशनचे, गोणपाट मिशनचं, चिंध्या मिशनच्या, मजुरी बायकांना. विषय काय, तर पांढरी अस्वलं, हिमनग, उडणारे बदक, कुत्र्यांच्या गाड्या. म्हणजे अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला उत्तरेचा जो निसर्ग हवा होता तो. बायकांच्या स्वतःच्या जुन्या गालिच्यांवर फुलं आणि भौमितिक आकृत्याही असत. हा 'निसर्गप्रेरित' शब्द बऱ्याच वेळा विकणाऱ्याचा असतो एवढंच म्हणायचंय.

सुईदोरा

कट्टेकरींना एवढं माहीत आहे म्हणजे गुपचूप आवड आहे तर.

त्यांच्या गालिच्यांचं काम मात्र बघण्यासारखं. अमेरिकेतून वापरलेले रेशमी मोजे मागवायचे, रंगवायचे आणि त्याच्या बारीक पट्ट्या आडव्या सरळ ओळींत ओढायच्या. इतकं बारीक की लांबून भरतकाम वाटावं. आकाश तर बघाच. सगळ्या ओळी आडव्या असल्यामुळे रंग एकमेकांत विरत जातात आणि थंडगार, सपाट उजेड दिसतो. विषय कुणी का दिलेला असेना, ते आकाश रोज बघितल्याशिवाय तसं येत नाही.

कट्टेकरी

आवड बायकोला आहे. मी फक्त गोणपाट ताणून देतो.

उत्तरवारा

हेलसिंकीहून. इथे विणलेले, पट्ट्यापट्ट्यांचे. रॅसीमात्तो म्हणतात. जवळजवळ प्रत्येक घरात असतो. चित्र नावालाही नाही, नुसते आडवे पट्टे. उन्हाळ्यात लोक गालिचे घेऊन समुद्रकाठी जातात. तिथे धुण्यासाठी बांधलेले धक्के असतात, त्यावर पसरून पाइनच्या साबणाने घासायचे आणि दांड्यांवर वाळत टाकायचे. नदीवर गोधड्या धुणाऱ्या बायका बघत मोठा झालेला माणूस तिथे रमतो. फरक एवढाच की इथे पुरुषही घासत असतात.

अवांतर: शेजारच्या आजोबांनी त्यांच्या गालिच्यातला कुठला पट्टा कुणाच्या शर्टाचा ते मला सांगितलं होतं. पट्टा बघून माणसं ओळखत होते.

दगडधोंडे

उत्तरवारा यांचा प्रतिसाद वाचून सुचलं ते लिहितो. विणकाम मला येत नाही, दगड थोडेफार कळतात.

सह्याद्री मुळात आडव्या पट्ट्यांचाच आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे प्रवाह एकावर एक पसरत गेले, त्यांची ही चळत. घाटातल्या कुठल्याही मोठ्या कड्याकडे समोरून बघा. घट्ट बेसॉल्टचा थर आला की सरळ काळा कातळ. वरचा सच्छिद्र, ठिसूळ थर आला की तो झिजून उतार झालेला, त्यावर माती आणि पावसाळ्यात गवत. परत कातळ, परत गवत. काळा, हिरवा, काळा, हिरवा. आणि मध्येच कुठेतरी दोन प्रवाहांच्या सांध्यात विटकरी रंगाची बारीक रेघ दिसते. एक प्रवाह येऊन गेल्यावर दुसरा यायच्या आधी जी माती तयार झाली, ती वरच्या लाव्हाने भाजली गेली. तिला तांबडा बोल म्हणतात. घाटरस्त्याच्या कापलेल्या बाजूला सहज सापडतो.

पट्टे सारख्या रुंदीचे नसतात. काही प्रवाह जाड, काही पातळ. आणि ते दोन्ही कडांपर्यंत सलग जातात, मध्ये संपत नाहीत, निदान लांबून तरी तसंच दिसतं.

तुम्ही कागदावर त्रिकोणी डोंगर काढला असणार. शाळेत सगळेच काढतात. आपल्याकडचे डोंगर बहुतेक वरून सपाट आहेत.

रानभूल

दगडधोंडे, त्रिकोणीच काढला होता!! आणि मागे सूर्य नाही, एवढंच काय ते.

म्हणजे मागावर विणायचं आणि चित्र काढायचंच नाही. काळ्या पट्ट्यांना साड्या चालतील? आईच्या दोन काळ्या चंद्रकळा आहेत, विटून करड्या झाल्यात. आणि धबधब्याचं काय करू? तो तर उभा.

सुईदोरा

विटलेल्या चंद्रकळेइतका बेसॉल्टचा रंग दुकानात मिळणार नाही. नवी काळी मुळीच घेऊ नका, कातळ ओला असला तरच तेवढा काळा असतो.

धबधब्यासाठी धोतराचा पांढरा तुकडा. काळ्या पट्ट्यातून विणताना दर ओळीला साधारण त्याच जागी बोटभर पांढरी पट्टी बाण्यात घाला, पण जागा किंचित हलवत राहा. हिरव्या पट्ट्यात थांबा, खालच्या काळ्यात पुन्हा घाला. पाणी तसंच तुटत तुटत पडतं.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर. प्रत्येक पद्धतीला काही गोष्टी आपसूक जमतात. मागाला थर जमतात. कडे, शेतं, भरती-ओहोटीच्या रेघा. वेणीचा गालिचा मधून बाहेर वाढत जातो, तर मधून बाहेर वाढणाऱ्या वस्तू त्याला द्या. लाकडाची वलयं, नाहीतर कातळावरचं दगडफूल. ते तसंच हळूहळू कडेने पसरतं. फिकट पोपटी, राखाडी, कडेला किंचित पांढुरकं. धुऊन धुऊन गेलेले टीशर्ट नेमके त्याच रंगांचे होतात. आणि कासच्या पठारावरची सोनकी-तेरड्याची गिचमीड हवी असेल तर तुकडे खोचायची प्रॉगी पद्धत. मागाकडून धनेश मागितला की मग कॅलेंडर होतं.

चिमण_२

दगडफुलावर पाय द्यायचा? मसाल्याचा अपमान.

हल्याळकर

कवंदीचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्या भागात, म्हणजे उत्तर कन्नडमधल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडकडे, सिद्दी समाजाची वस्ती आहे. पोर्तुगिजांच्या काळात आफ्रिकेतून गोव्यात आणलेल्या लोकांचे वंशज. कोकणी-मराठीच्या जवळची बोली बोलतात. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांच्या गोधड्या करतात त्या कवंदी.

काम कडेपासून सुरू होतं. खाली अखंड साडी, वर ठिगळं ठेवत ठेवत धावदोऱ्याने कडेकडेने फिरत मध्यापर्यंत यायचं. आधी आराखडा काढत नाहीत. हाताला पुढचं ठिगळ कुठलं येतं आणि शेजारचं कुठलं आहे, त्यावर ठरतं. शेवटी चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची त्रिकोणी फुलं लावतात. त्यांच्याशिवाय कवंदी नागडी समजतात. सगळ्या गोधडीत निसर्ग म्हणाल तर तेवढाच, चार फुलं. पण ती नसली तर चालत नाही.

आणि ती खाली अंथरतात तशीच वर पांघरतातही. घाटावरच्या भाऊंना दोन्हीकडून सोय.

घाटावरचा

हे आवडलं. कोपऱ्यातली फुलं मी वाकळेला लावून घेणार. बायको म्हणती आधी सुईत दोरा ओवायला शिक.

पेशवाई_मिसळ

पूर्वी बोहारीण यायची ते बरं होतं. जुनी साडी द्या, पातेलं घ्या. आता घरात पातेलीही जास्त आणि साड्याही जास्त.

माईआज्जी

बरं कसलं? चार साड्या आणि एक जरीची घेऊन चहाचं गाळणं द्यायची. घासाघीस करण्यात दुपार जायची. पण मला ती आवडायची, अख्ख्या आळीच्या बातम्या तिच्याकडे असायच्या.

निळीशाई

थोडं विरजण घालते. 'पुनर्वापर' म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंच कारखान्यातल्या कटपिसांचं असतं. त्यात वाईट काही नाही. पानिपतला जुन्या कपड्यांपासून सूत आणि चिंध्यांच्या दऱ्या करण्याचा मोठा उद्योग आहे, त्यावर खूप लोकांचं पोट आहे. पण हौशी मंडळी दुकानातून नवं कापड आणून, त्याच्या चिंध्या करून 'पर्यावरणपूरक' गालिचा करतात तेव्हा हसू येतं. एका हौशी वर्गात मला सामान म्हणून कोरं करकरीत पॉलिस्टर दिलं होतं, पट्ट्या कापून, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

रानभूल, तुमच्या ट्रंकांमध्ये सुती कुठली आणि मिश्र कुठली ते बघून घ्या. एक दोरा काढून जाळा. सुती असेल तर कागद जळल्याचा वास आणि भुरभुरीत राख. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. ते गालिच्यात घसरतं, पाणी शोषत नाही आणि सुती पट्ट्यांच्या शेजारी वेगळंच चमकतं. आणि लाल-जांभळ्या साड्या आधी भिजवून पांढऱ्या फडक्यावर रंग जातो का बघा, नाहीतर पहिल्या धुण्यात तुमच्या धबधब्याला कुंकू लागेल.

रानभूल

दोरे जाळून झाले. सासूबाईंच्या ट्रंकेतल्या निम्म्या 'सुती' साड्यांचे मणी झाले. त्या म्हणाल्या, दुकानदाराने शुद्ध कॉटन म्हणून दिल्या होत्या. दुकानदाराचा उद्धार अजून चालू आहे.

हिरवा मात्र कमी पडतोय. पोपटी आहे, बाटली हिरवा आहे, पण पावसाळ्यातल्या गवताचा तो उजळ पिवळट हिरवा नाही. रंगवू का? हळद चालेल?

निळीशाई

हळद नको. उन्हाने उडते आणि साबण लागला की लाल होते. डाळिंबाच्या सालीचं पाणी आणि तुरटी, त्याने मळकट पिवळा येतो आणि बऱ्यापैकी टिकतो. त्यावर निळीचा हलका हात दिला की हिरवा. पण मी रंगवणार नाही. हिरवी आणि पिवळी अशा दोन पातळ पट्ट्या एकत्र धरून विणा. लांबून डोळाच त्या मिसळतो.

दगडधोंडे

आणि सगळे हिरवे पट्टे एकच हिरवे नकोत. वरच्या थरांवर नुसतं गवत, खाली येता येता झाडी. म्हणजे वर पिवळट, खाली काळपट.

उत्तरवारा

ताण्याचा दोरा मजबूत घ्या. चिंध्या झिजत नाहीत, आधी ताणा तुटतो.

रानभूल

ठरलं ते लिहिते. चौकटीवर दोन फुटी तीन पट्टे विणून जोडणार. काळ्याला चंद्रकळा, धबधब्याला बाबांचं धोतर, तांबड्या बोलासाठी आईची विटकरी इरकली, तिचा काठ आधीच निघालाय. धनेश रद्द. आईला कड्याचा फोटो दाखवला आणि कुठला पट्टा कुठल्या साडीचा ते सांगितलं. ती म्हणाली, मग विटकरी पट्टा जरा रुंद कर. दगडधोंडे, भूशास्त्राला चालेल का?

दगडधोंडे

काही ठिकाणी असतो रुंद. आईंना सांगा, चालेल.

चिमण_२

धनेश मला द्या. गाडीत ठेवायला छोटं पायपुसणं करून घेतो.

कट्टेकरी

पुण्यात जाड विणीचं गोणपाट सुट्टं कुठे मिळेल? बायकोला हवंय. मार्केट यार्डातली पोती आणली तर घरभर कांद्याचा वास सुटला.

सुईदोरा

कांद्याची नको, साखरेची किंवा गव्हाची बघा. दोनदा गरम पाण्यातून काढा आणि कडा दुमडून दाभणाने शिवून घ्या, मगच चौकटीला लावा. नाहीतर ताणताना उसवतात.